आरएक्स १०० साठी बोअर किट निवडताना

यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, त्यामुळे आज सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर दिसणारी सर्वांत नवी गाडीही तीस वर्षांच्या घरात आहे. इंजिन उघडायची वेळ आलीच आहे तर मोठे बोअर किटच (रुंद सिलेंडर, पिस्टन व रिंग्जचा संच) बसवावे, असे वाटणे साहजिक आहे. मात्र ‘सीसी किती वाढतील’ या प्रश्नापासून सुरुवात केली की निवड बहुधा चुकते. गाडी कोणत्या रस्त्यावर आणि किती ओझ्याने चालणार आहे, हे आधी ठरवावे.

मूळ इंजिनाचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ५० मिमी व स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) ५० मिमी असून क्षमता ९८ सीसी भरते. एक मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाकला तरी ती जेमतेम १०२ सीसी होते. ही दुरुस्ती झाली, अपग्रेड नव्हे. आरएक्स १३५ च्या मापाचा ५८ मिमी बोअर त्याच स्ट्रोकवर १३२ सीसी देतो. परंतु असे किट घेताना पिस्टन पिनचे माप जुळते का आणि स्लीव्हचा (सिलेंडरच्या आतल्या नळीचा) खालचा भाग क्रँककेसच्या (क्रँक ज्यात फिरतो त्या खालच्या कप्प्याच्या) तोंडात बसतो का, की केसिंग कापावे लागेल, हे विक्रेत्याकडून स्पष्ट विचारून घ्यावे, कारण कापलेले केसिंग पूर्ववत होत नाही.

सीसीइतकेच महत्त्व पोर्टना, म्हणजे मिश्रण व धूर आत-बाहेर जाण्यासाठी सिलेंडरच्या भिंतीत असलेल्या खिडक्यांना आहे. एक्झॉस्ट पोर्ट वर उचललेला सिलेंडर वरच्या आरपीएमला जोर देतो, पण कमी आरपीएमचा ओढा घालवतो. मागे माणूस बसवून यवतेश्वर किंवा पसरणीचा घाट चढणाऱ्याला असा सिलेंडर सतत गिअर पाडायला लावील. त्याने मूळ पोर्ट टायमिंगच्या (पोर्ट उघडण्या-मिटण्याच्या वेळेच्या) जवळचे किट घ्यावे आणि रेसिंग सायलेन्सरचा मोह टाळावा. फोर्ज्ड (दाबून घडवलेला) पिस्टन मजबूत असला तरी तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला क्लिअरन्स (सिलेंडरशी मोकळी फट) जास्त लागतो. रोजच्या वापराला चांगला कास्ट (ओतीव) पिस्टन पुरतो, असे माझे मत आहे.

किटवर खर्च करण्यापूर्वी क्रँक तपासावा. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते. ऑइल सील झिजले असेल तर तिथून जादा हवा शिरते, मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, आणि नवा कोरा पिस्टन जाम होतो. खर्च बेताचा असेल तर किट पुढे ढकलावे, पण सील, क्रँक बेअरिंग व कनेक्टिंग रॉडचे काम टाळू नये.

जेटिंगचा, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राचे (जेटचे) माप निवडण्याचा विचार आपल्या भागात विशेष काळजीने करावा लागतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, आणि दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते. सखल भागात जुळवलेली गाडी वर गेल्यावर थोडी रिच (जादा पेट्रोलवर) चालते, धूर सोडते, पण इंजिनाला धोका नसतो. उलट महाबळेश्वरला बारीक जेट टाकून गुळगुळीत केलेली गाडी तशीच सांगलीला उतरवली तर लीन होऊन पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून मेन जेट नेहमी खालच्या गावी, थोडा मोठा ठेवून निवडावा आणि प्लगचा रंग बदामी येईपर्यंत एकेक पायरी उतरावे. किटसोबत दोन-तीन मापांचे जेट मिळत असतील तर तेच किट पसंत करावे.

आरसी बुकात सीसीची नोंद असते आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. त्यामुळे मोठे किट खासगी जमिनीवर किंवा ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठीच ठेवावे. रस्त्यावरच्या गाडीला मूळ मापातले सिलेंडर-पिस्टन बसवावे.

कोणतेही किट बसवले तरी रनिंग-इनच्या (नवे भाग एकमेकांत बसेपर्यंतच्या) काळात लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून इंजिन वेगाने फिरू देऊ नये, कारण पेट्रोलसोबतचे ऑइलही त्या वेळी अगदी थोडे पोहोचते. मधूनमधून थ्रॉटल किंचित उघडावा.