इनटेक मॅनिफोल्ड बदलण्याआधी : कोकणातल्या गाडीमालकांनी या चुका टाळाव्यात

गणपतीच्या आधी गावी येण्याची तयारी सुरू झाली की एक प्रश्न हमखास कानावर येतो : घाटात गाडी उठत नाही, तर इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनाला हवा वाटून देणारा भाग) बदलून घ्यावा का? कोकणातल्या रस्त्यांवर चालणाऱ्या आणि आतून कोणताही बदल न केलेल्या इंजिनापुरते माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. त्या खर्चातून जी शक्ती मिळते ती इथल्या रस्त्यांवर वापरलीच जात नाही, आणि ज्या दोषामुळे गाडी मंदावलेली असते तो बहुतेक वेळा मॅनिफोल्डच्या आकारात नसतो. मात्र नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. अर्धवट माहितीवर हे काम करून घेतल्यामुळे बिघडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतले बहुतेक बिघाड टाळता येण्यासारखे होते.

मोजमाप न करता मॅनिफोल्डला दोष देणे

थ्रॉटल बॉडीतून (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेतून) आलेली हवा प्लेनम नावाच्या पेटीत घ्यायची आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये, म्हणजे रनरमध्ये, सारखी वाटून द्यायची, एवढे मॅनिफोल्डचे काम. १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर पूर्ण रेसमध्ये असेल आणि सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतात असे धरले, तर त्याला मिनिटाला सुमारे ३६०० लिटर हवा लागते. २००० फेऱ्यांवर हीच गरज १२०० लिटरवर येते. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना बहुतेक चालक १५०० ते ३५०० फेऱ्यांच्या दरम्यान असतात. ज्या मॅनिफोल्डची रचना ६००० फेऱ्यांची हवा पुरवण्यासाठी केलेली असते, तो २००० फेऱ्यांवर इंजिनाचा गळा आवळतो असे मानायला आधार नाही.

हवा खरोखर कुठे अडते हे गाडीच्या संगणकाला जोडायच्या साध्या स्कॅनरवर पाहता येते. ज्या गाडीत टर्बो नाही आणि प्लेनमवर मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) आहे, त्या गाडीत चावी चालू करून पण इंजिन सुरू न करता दाबाचा आकडा पाहावा. किनाऱ्यावर तो १०० किलोपास्कलच्या आसपास दिसतो. मग मोकळ्या, सुरक्षित चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन फेऱ्या वाढत जाताना शेजारी बसलेल्या व्यक्तीने तोच आकडा पाहावा. तो दोन-तीन किलोपास्कलपेक्षा अधिक घसरत नसेल, तर फिल्टरपासून प्लेनमपर्यंतची वाट मोकळी आहे आणि महागडा फिल्टर किंवा मोठी थ्रॉटल बॉडी लावून काहीही पदरात पडणार नाही. आकडा बराच घसरत असेल, तर आधी एअर फिल्टर उघडावा. जांभ्या दगडाच्या खाणींजवळून रोज जाणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी लाल मातीने भरून येतो. रनरमधला अडथळा या चाचणीत दिसत नाही हे खरे. परंतु घसरणारा क्लच, जुने स्पार्क प्लग आणि चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) तपासल्याशिवाय रनरपर्यंत जाण्याचे कारणही उरत नाही.

आखूड आणि जाड नळ्यांना भुलणे

विकत मिळणारे ‘परफॉर्मन्स’ मॅनिफोल्ड बहुधा आखूड आणि रुंद रनरचे असतात, आणि त्यामागचे विज्ञान खोटे नाही. इनटेक व्हॉल्व्ह बंद होताच धावत्या हवेचा लोंढा त्यावर आदळतो, तिथे दाब वाढतो आणि त्या दाबाची लहर ध्वनीच्या वेगाने उलट दिशेने निघते. प्लेनमच्या तोंडाशी परावर्तित होऊन तिची ये-जा सुरू राहते, आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह बंद होण्याच्या सुमारास उच्च दाबाची लहर तिथे पोहोचली तर ती थोडी जास्तीची हवा सिलिंडरमध्ये लोटते. रनर लांब असेल तर हा मेळ कमी फेऱ्यांवर जमतो. आखूड असेल तर जास्त फेऱ्यांवर. म्हणजे आखूड रनर लावणारा माणूस वरच्या फेऱ्यांवरची शक्ती विकत घेतो आणि तिच्या बदल्यात खालच्या फेऱ्यांवरचा टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) देऊन टाकतो. ट्रॅकवर हा सौदा फायद्याचा ठरतो. पाच माणसे, डिकीत सामान आणि वळणावर समोर आलेली एसटी अशा स्थितीत चढ चढणाऱ्या गाडीला मात्र नेमका तोच गमावलेला टॉर्क हवा असतो.

मूळ मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा आहे म्हणून तो हलक्या दर्जाचा समजणे हीदेखील गैरसमजूत आहे. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे हे मॅनिफोल्ड आतून गुळगुळीत असतात, इंजिनाची उष्णता आतल्या हवेकडे कमी जाऊ देतात आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनिअमसारखे पांढरे पडत नाहीत.

इथेच उंचीविषयीही सांगायला हवे. समुद्रसपाटीवर हवा सर्वांत दाट असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या गाडीसाठी कोकणपट्टी मुळातच अनुकूल आहे. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब साधारण ८ टक्क्यांनी कमी भरतो. पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेत बाष्पच सुमारे ३ ते ४ टक्के जागा अडवते, आणि तेवढा प्राणवायू कमी होतो. वर जाताना गाडी किंचित सुस्त वाटणे हा दोष नसतो, आणि मॅनिफोल्ड बदलून तो दूरही होत नाही.

मॅपिंगशिवाय भाग बसवणे

अनेक लहान पेट्रोल गाड्यांमध्ये हवा थेट मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला दाब, हवेचे तापमान आणि फेऱ्या यांवरून ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) हवेचा अंदाज बांधतो, आणि हा अंदाज मूळ मॅनिफोल्ड बसवलेल्या इंजिनावर घेतलेल्या मोजमापांवर आधारलेला असतो. मॅनिफोल्ड बदलला की ते गणित चुकते. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चूक सावरून घेतो; पूर्ण थ्रॉटलवर, जिथे गाडीमालकाला फायदा हवा असतो, तिथे ही दुरुस्ती पुरेशी होत नाही. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, राहिले तर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोक) सुरू होते आणि पिस्टन व व्हॉल्व्हवर अकारण ताप येतो. म्हणून खर्च मोजताना फक्त मॅनिफोल्डची किंमत मोजणे चूक आहे. गास्केट, ब्रॅकेट, सेन्सरच्या जागा, मजुरी, डायनो (इंजिनाची शक्ती मोजणारे यंत्र) असलेल्या शहरापर्यंतची फेरी आणि मॅपिंग (ईसीयूतले गणित नव्या भागानुसार बसवणे) हे सगळे त्यात धरले, तर मूळचा आकडा अनेकदा दुपटीच्या पुढे जातो.

गास्केट आणि बोल्ट यांची हेळसांड

माझ्या अनुभवात सर्वाधिक बिघाड इथे होतात, आणि मॅनिफोल्ड बदलला नाही, केवळ साफसफाईसाठी उतरवला, तरीही होतात. जुने गास्केट ‘अजून चांगले दिसते’ म्हणून पुन्हा वापरले जाते. बोल्ट एका टोकाकडून सुरू करून अंदाजाने आवळले जातात, वास्तविक ते मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आणि टॉर्क पान्यानेच आवळायचे असतात. साध्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क लागतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. हाताच्या जोरावर विसंबले की प्लॅस्टिकला तडा जातो किंवा ॲल्युमिनिअम हेडमधले आटे निघतात. किनाऱ्यालगतच्या गावांतल्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या वाऱ्याने धरलेले असतात, त्यामुळे गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर थांबावे, सकाळी हळूहळू सैल करावे. मॅनिफोल्ड उतरवल्याबरोबर पोर्टची तोंडे स्वच्छ कापडाने बंद करावीत. आत पडलेला एक वॉशर पिस्टनपर्यंत गेला तर संपूर्ण हेड उतरवावे लागते.

जोड नीट बसला नाही तर हवा चोरवाटेने आत येते. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) फेऱ्या वर-खाली होतात, बॉनेटखाली फुसफुस ऐकू येते, आणि ब्रेक बूस्टरची नळी निसटली असेल तर ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते. अशी गाडी घाटात नेऊ नये. हवा थेट मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागून पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड, येतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट, आयडलिंगला अधिक १५ ते २० टक्के दिसावे आणि २५०० फेऱ्यांवर ते दोन-चार टक्क्यांवर यावे, ही चोर-हवेची ठळक खूण होय, कारण आयडलिंगला इंजिनाची एकूण गरजच कमी असल्याने गळतीचा वाटा मोठा ठरतो. मॅप सेन्सरच्या गाडीत मात्र हा कोड येईलच असे नाही. तिथे वाढलेला दाब ईसीयूला दिसतो, तो पेट्रोलही वाढवतो, आणि लक्षण एवढेच उरते की आयडलिंग चढे राहते. हा फरक माहीत नसल्याने कित्येकदा निर्दोष सेन्सर बदलले जातात. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारण्याची पद्धत प्रचलित आहे, पण आगीचा धोका पाहता धुराची चाचणी (आत धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहणे) करून घेणेच योग्य.

हवेचे तोंड बंपरजवळ उतरवणे

मॅनिफोल्डच्या जोडीने ‘कोल्ड एअर इनटेक’ घ्यावा असे सुचवले जाते आणि त्याचे तोंड थंड हवेसाठी खाली, बंपरच्या मागे आणले जाते. कोकणातल्या पावसात ही चूक सर्वांत महाग पडते. ३०० सीसीच्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गुणोत्तर १० असेल, तर पिस्टन सर्वांत वर असताना उरलेली जागा जेमतेम ३३ मिलिलिटर असते. त्याहून थोडे अधिक पाणी, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपापेक्षाही कमी, आत गेले की ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात शिरलेल्या पुरासारखा प्रसंगच यावा लागतो असे नाही. मोरीवरून वाहणारे गुडघाभर पाणी पुरते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नये. प्लग काढून पाणी बाहेर काढल्यावरच इंजिन फिरवावे. अशी हानी साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे कव्हर लागते, आणि न कळवलेला बदल सापडला तर दाव्यावर वाद होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर मर्यादा आहेत, त्यामुळे असा कोणताही बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

डिझेलमधली काजळी

जुन्या डिझेल गाडीत मॅनिफोल्ड खरोखरच अपराधी असू शकतो, पण तो बदलण्याने नव्हे, साफ करण्याने सुधारतो. ईजीआरमधून (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेतून) परत येणारी काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ काढणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ मिळून डांबरासारखा थर साचतो. बाजार, शाळा, जेटी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरते तापतच नाही, म्हणून तो थर लवकर वाढतो. चालू इंजिनात स्प्रे मारून तो सोडवू नये. सुटलेला तुकडा थेट सिलिंडरमध्ये जातो आणि ज्वलनशील द्रव डिझेल इंजिनाला बेलगाम पळवू शकतो. मॅनिफोल्ड उतरवावा, धुऊन पूर्ण वाळवावा आणि नवे गास्केट घालून बसवावा. ईजीआर पत्रा लावून बंद करण्याचा सल्ला स्वीकारू नये, त्याने प्रदूषण वाढते आणि बीएस६ गाडीत दोषांचे कोड लागतात.

मॅनिफोल्ड बदलणे योग्य ठरते ते कॅम, हेड आणि कॉम्प्रेशन बदललेल्या, रॅलीसाठी बांधलेल्या इंजिनात, किंवा मूळ मॅनिफोल्डला तडा गेल्यावर तसाच नवा बसवताना. या दुसऱ्या कामानंतर आयडलिंगचे व २५०० फेऱ्यांचे फ्युएल ट्रिम आणि पूर्ण थ्रॉटलचा मॅप सेन्सरचा आकडा तारखेसह कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवावा. शंभर किलोमीटरनंतर, गाडीने एखादा घाट चढून उतरल्यावर, तेच आकडे पुन्हा घ्यावेत. आयडलिंगचे ट्रिम वाढलेले किंवा फेऱ्या चढ्या दिसल्या, तर बोल्ट आणखी आवळत बसू नये. मॅनिफोल्ड उतरवून गास्केटची बैठक आणि आतले तोंड सरळपट्टीने तपासावे.