ट्रायलला ओल्ड फॅशन्डच का करायला लावतात

हॉटेल मॅनेजमेंट संपवून कोल्हापुरातून पणजीला बारच्या नोकरीसाठी गेलो, तेव्हा डोक्यात बाटल्या हवेत उडवायचं खूळ होतं. ट्रायलला हेड बारटेंडर एवढंच म्हणाले, "एक ओल्ड फॅशन्ड दे." हायसं वाटलं. व्हिस्कीचं कॉकटेल ते: व्हिस्की, साखर, बिटर्स (वनस्पती-मसाल्यांचा कडू अर्क), बर्फ. त्यात चुकायचं काय? शुगर क्यूब टाकला, त्यावर बिटर्स, वरून थेट ६० मिली बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), बर्फ, चमचा फिरवला आणि ग्लास पुढे सरकवला. त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास तिरका करून मला तळ दाखवला. साखर बसलेली. "पाणी कुठाय?"

चेष्टा करतायत असं वाटलं. महागाच्या व्हिस्कीत पाणी घालायला ही काय आमच्या नाक्यावरची परमिट रूम आहे? ती नोकरी काही मिळाली नाही. पुढच्या ठिकाणी मिळाली, तोवर उत्तर शोधून ठेवलं होतं.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नावाचं गाव आहे. तिथल्या एका वाचकाने स्थानिक वृत्तपत्राला विचारलं, हे कॉकटेल म्हणजे काय हो? १३ मे १८०६ च्या अंकात संपादकाने उत्तर छापलं: कुठलंही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. म्हणजे पाणी पहिल्यापासून जिन्नसांच्या यादीतच आहे. पुढे बारवाले त्यात नाना लिकर (गोड, स्वादाची मद्यं) घालू लागले, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं म्हणू लागली, 'मला ते जुन्या पद्धतीचं द्या.' तेच नाव झालं.

मुलाखतीत अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातल्या पेंडेनिस क्लबची गोष्ट सांगायचा मोह होईल. हे पेय तिथे जन्मलं आणि व्हिस्की बनवणारे कर्नल जेम्स पेपर यांनी ते न्यूयॉर्कला नेलं, असं सांगतात. पण तो क्लब १८८१ चा, आणि शिकागोच्या वृत्तपत्रात हे नाव १८८० मध्येच छापून आलंय. गोष्ट सांगा, पण 'असं म्हणतात' जोडून. विस्कॉन्सिनमध्ये तर हेच पेय ब्रँडीत करतात, त्यामुळे 'अस्सल' या शब्दावर भांडू नका.

आता करायचं कसं. रॉक ग्लासात (बुटका, रुंद ग्लास) शुगर क्यूब, त्यावर अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-तीन डॅश (बाटलीचे झटके) आणि चहाचा चमचाभर पाणी. दारूत साखर विरघळायला फार वेळ घेते, बर्फ पडल्यावर तर विचारूच नका. म्हणून ती आधी पाण्यात घोटायची. चमच्याखाली करकर थांबली की बर्बन. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या पाककृतीत ४५ मिली आहे, आपल्याकडे लार्ज पेगच्या सवयीने ६० ओततात. बर्बनच का? अमेरिकी कायद्यानेच त्यात किमान ५१ टक्के मका असतो आणि ते आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपात मुरतं, त्यामुळे व्हॅनिलासारखा गोडसर वास येतो. थोडं तिखट हवं असेल तर राय, म्हणजे राय धान्याची व्हिस्की. सराव मात्र स्वस्तातल्या देशी व्हिस्कीवर करा.

खरी परीक्षा बर्फाची. घुसळायचं नाही, ढवळायचं. घुसळलं की हवा शिरते आणि पेय गढूळ होतं. चमच्याची पाठ ग्लासच्या भिंतीला चिकटून फिरली पाहिजे, खळखळ ऐकू येता कामा नये. मी दोन आठवडे रात्री बार बंद झाल्यावर नुसतं नळाचं पाणी ढवळलं. मनगट असं दुखायचं की सकाळी ब्रश धरवत नसे. मग एकदा मोजून पाहिलं: ओल्या, बारीक बर्फात अर्धा मिनिट ढवळल्यावर ६० मिलीचे जवळजवळ ८० झाले होते. मोठ्या, कोरड्या बर्फावर तेवढ्याच वेळात बरंच कमी. बाकी सगळं सारखं, तरी दोन वेगळी पेयं. म्हणून सेकंद पाठ करू नका. स्ट्रॉ बुडवा, वरचं टोक बोटाने दाबा आणि चार थेंब जिभेवर घ्या. नाकात झोंबतंय तोवर ढवळा. झोंबणं गेलं आणि चव अजून भरलेली आहे, तिथे हात काढा. हे मला अंगवळणी पडायला तीन महिने लागले.

घरी सराव करणाऱ्यांसाठी: छोट्या थर्माकोलच्या खोक्यात पाणी भरून, झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फ वरून खाली धरतो, हवेचे बुडबुडे तळाला ढकलले जातात. वरचा काचेसारखा भाग सुरीने कापून घ्यायचा. आईने आमच्या फ्रीझरमध्ये ते खोकं पाहिलं आणि विचारलं, "मासे आणलेस का रे?"

शेवटी संत्र्याची साल. पीलरने पातळ काढा, पांढरा भाग आला तर कडवट लागतं. रंगाची बाजू ग्लासकडे करून चिमटा. तेलाचा बारीक फवारा पेयावर तरंगताना दिव्याखाली दिसतो. मग ती आत टाका आणि ग्लास लगेच द्या, कारण बर्फ वितळायचा थांबलेला नसतो.