उसाच्या रानातून सेंद्रिय शेतीकडे वळताना

पुणे जिल्ह्यात दौंड, शिरूर, इंदापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात सेंद्रिय शेती करायचे ठरले, की अनेक जण पहिल्याच हंगामात युरिया बंद करतात आणि उत्पादन घटले की पुन्हा खतांच्या दुकानाची पायरी चढतात. युरियातल्या आयत्या नत्राची (नायट्रोजनची) सवय झालेल्या जमिनीत जिवाणू आधी वाढवावे लागतात आणि त्यांचे खाद्य म्हणजे सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आणि शेणातून मातीत येणारा कार्बन. म्हणून माती तपासून घेऊन सुरुवात एकाच एकरात करावी, आणि तीही खत तोडण्याऐवजी पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, न जाळण्यापासून.

तोडणीनंतर बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत दाबावे, त्यावर शेणकाला आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. दोन-अडीच महिन्यांनी मूठभर पाचट उचलून पाहावे: वरचे पान कोरडे असले, तरी खालचा थर काळपट, ओलसर असतो आणि त्याला गांडुळांच्या विष्ठेचे बारीक गोळे चिकटलेले दिसतात. मात्र कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेत असल्याने खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक, सुरुवातीला काही दिवस पिवळा दिसतो. नेमके येथेच धीर सुटतो, म्हणून पहिल्या वर्षी रासायनिक नत्र पूर्ण न थांबवता थोडाच कमी करावा.

खोडवा मोडल्यावर ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके पेरून फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण ४५ दिवसांनी, जमिनीत गाडावा. एकरी जीवामृतासाठी, म्हणजे जमिनीतले जिवाणू वाढवणाऱ्या आंबवलेल्या द्रावणासाठी, २०० लिटर पाण्यात १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून, पिंप सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळावे. दोन दिवसांनी ते वापरण्याजोगे होते. आम्ही पहिले पिंप उन्हात ठेवून वर झाकण घट्ट लावले होते. त्या वासाने गोठ्याकडे फिरकवेना.

प्रमाणीकरण हवे असेल, तर रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे जाण्याचा, काळ हंगामी पिकांना २ वर्षे आणि फळबागांना ३ वर्षे धरला जातो; तोवर माल सेंद्रिय म्हणून विकू नये. निविष्ठांच्या (बियाणे, खते अशा विकत आणलेल्या वस्तूंच्या) पावत्या आणि नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी. शेजारच्या फवारणीचा तुषार अडवण्यासाठी त्या बांधाला शेवरी दाट लावावी आणि बांधालगतच्या ओळींचा माल वेगळा काढून साध्या भावाने विकावा.