मायक्रोवेव्हची जागा ठरवताना या चुका टाळा

मायक्रोवेव्ह चालू असताना मध्येच बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतो. प्लगला हात लावला तर चटका बसतो. वरच्या कपाटाचा सनमायका कोपऱ्यातून सुटायला लागतो. अशा तक्रारींसाठी मेकॅनिक बोलावला जातो. तो ओव्हन दुकानात नेऊन चालवून बघतो, तर तिथे तो व्यवस्थित चालतो, कारण बिघाड जागेत असतो. बहुतेक घरांत मायक्रोवेव्हची जागा ठरते ती ट्रॉल्या करून झाल्यावर, जो कोपरा उरेल त्यात. खरं तर सुताराने पहिलं माप घेण्याआधीच मॉडेल पक्कं झालेलं असायला हवं.

हवेला जागा न सोडणं

२० लिटरच्या साध्या मायक्रोवेव्हवर ८०० वॅट लिहिलेलं असतं. ही अन्नाला मिळणारी ताकद. बोर्डातून मात्र तो १,२०० वॅटच्या आसपास ओढतो. मधले ४०० वॅट म्हणजे मॅग्नेट्रॉन (अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग) आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये तयार होणारी उष्णता, जी आतला पंखा जाळीतून बाहेर फेकत असतो. जाळी भिंतीला टेकली की तीच गरम हवा पुन्हा आत ओढली जाते. मग मॅग्नेट्रॉनवरचा थर्मल कटआउट वीज तोडतो. काही मॉडेलमध्ये दिवा आणि थाळी चालूच राहतात, फक्त अन्न तापत नाही. अर्ध्या तासाने ओव्हन गार झाला की सगळं पूर्ववत होतं, म्हणून कुणाला जागेची शंका येत नाही. पण हे वारंवार होत राहिलं तर मॅग्नेट्रॉन लवकर जातो, आणि तो बदलण्याचा खर्च मोठा असतो.

ओट्यावर ठेवायच्या मॉडेलसाठी पुस्तिकांत सहसा वर २० सेंटीमीटर, मागे १० आणि बाजूंना १० सेंटीमीटर मोकळी जागा सांगितलेली असते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त लिहिलं असेल तर तेच पाळा. आता हिशोब करा. २८ लिटरचा कन्व्हेक्शन ओव्हन, म्हणजे गरम हवेने बेकिंगही करणारा मायक्रोवेव्ह, साधारण ५१ सेंटीमीटर रुंद, ३१ उंच आणि ४८ खोल असतो. त्याच्यासाठी खण हवा ७१ रुंद, ५१ उंच आणि ५८ खोल. प्रत्यक्षात मात्र ५५ बाय ३५ चा खण केला जातो, कारण मासिकातल्या फोटोत ओव्हन कपाटात असाच घट्ट बसलेला दिसतो. फोटोतला तो बिल्ट-इन ओव्हन असतो. त्याची गरम हवा बाहेर काढण्याची सोय चौकटीतून आणि कपाटाच्या मागच्या खाचेतून केलेली असते. साधा ओव्हन त्या खणात कोंबला तर तो तापणारच.

खण आधीच करून झाला असेल तर निदान त्याच्या वरची फळी काढून टाका आणि मागचं प्लाय कापून घ्या. तेवढ्याने भागत नसेल तर ओव्हन बाहेर काढा. खणाला शटर असेल तर ओव्हन चालू असताना आणि नंतर गार होईपर्यंत ते उघडंच हवं. कन्व्हेक्शनवर २०० अंशांवर बेकिंग करताना बाहेर पडणारी हवा साध्या मायक्रोवेव्हपेक्षा कितीतरी गरम असते, आणि सनमायक्याचा गोंद व कडेची पीव्हीसी पट्टी आधी तिच्यामुळेच सुटते. आजूबाजूचं काम पार्टिकल बोर्डाचं असेल तर वाफेने तो फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

ओव्हनवर विणलेलं कव्हर, ब्रेडचा पुडा, औषधांची टोपली ठेवणं हाही याच चुकीचा भाग आहे. खाली प्लॅस्टिकचा जाड टेबलक्लॉथ अंथरला किंवा पाय काढून टाकले, तर बऱ्याच मॉडेलमध्ये खालून हवा घेणारी जाळी बंद होते.

खोलीचं माप न घेणं

वरची कपाटं ३० ते ३५ सेंटीमीटर खोल असतात. त्यांतल्या फळीवर २० लिटरचा ओव्हन जेमतेम मावतो, आणि मागे १० सेंटीमीटर सोडले की पुढचे पाय हवेत राहतात. दार उघडून त्यावर हाताचा भार पडला की तो पुढे कलंडतो. काही पुस्तिकांत पुढच्या कडेपासून किमान ८ सेंटीमीटर आत ठेवा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. हा नियम लावला तर २८ लिटरचा ओव्हन ६० सेंटीमीटरच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या २ फुटी ओट्यावरही नीट बसत नाही: ८ अधिक ४८ अधिक १० म्हणजे ६६. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे एल आकाराच्या ओट्याचा कोपरा. तिथे ओव्हन तिरका ठेवला की मागे भरपूर हवा मिळते, पुढे कड सुटते आणि एरवी वाया जाणारी जागा वापरात येते.

भिंतीवरच्या ब्रॅकेटचा विचार असेल तर आधी भिंत कशाची आहे ते पाहा. २८ लिटरचा ओव्हन १७-१८ किलोच्या आसपास भरतो, वर भांड्याचं वजन आणि दार उघडतानाची ओढ. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत साधी प्लॅस्टिकची गिट्टी हे वजन फार काळ धरत नाही. त्या ब्लॉकसाठी मिळणारे खास फास्टनर वापरा, किंवा भिंतीतून आरपार बोल्ट घेऊन पलीकडे लोखंडी पट्टी लावा.

फ्रिजवर ठेवणं

ही सर्वांत धोक्याची जागा. घरातली जी व्यक्ती उंचीने सर्वांत कमी आहे आणि ओव्हन रोज वापरते, तिच्या खांद्याच्या खाली काचेची थाळी असायला हवी. पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीचा खांदा जमिनीपासून १२५-१३० सेंटीमीटरवर येतो, आणि फ्रिजचा माथा बहुतेक वेळा त्याच्याही वर असतो. तिथून उकळती आमटी काढताना भांड्यात काय चाललंय ते दिसत नाही. भांडं कललं की सगळं चेहऱ्यावर आणि छातीवर येतं. शिवाय फ्रिजचा माथा नेहमी सपाट नसतो. फ्रिजची स्वतःची उष्णता बाजूंनी आणि मागून बाहेर पडत असते, तीही इथे कोंडते.

अगदी खाली, ओट्याखालच्या ट्रॉलीत ठेवणंही टाळा. लहान मुलांचा हात तिथे सहज पोहोचतो, मोठ्यांना गरम भांडं घेऊन वाकून उठावं लागतं. बाजूला सिलिंडर असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्या खणात स्विच किंवा प्लगपॉइंट नकोच.

दाराची दिशा विसरणं

घरगुती मायक्रोवेव्हचं दार जवळपास नेहमीच डावीकडे उघडतं, बटणं उजवीकडे असतात. डाव्या अंगाला भिंत असेल तर दार ९० अंशांवरच अडतं आणि रुंद भांडं किंवा काचेची थाळी तिरकी करून काढावी लागते. डावीकडे हवेसाठी सोडलेले १० सेंटीमीटर इथेही उपयोगी पडतात. गरम भांडं ठेवायला निदान ४० सेंटीमीटर मोकळा ओटा उजव्या बाजूला किंवा ओव्हनच्या अगदी खाली हवा. डावीकडची मोकळी जागा या कामाची नाही, मध्ये उघडं दार येतं. पकड आणि जाड फडकं उजव्या हाताशीच टांगा. दारावर फडकी वाळत घालू नका: बिजागऱ्या ढिल्या होतात, दार नीट बसत नाही आणि आतल्या लहरी अडवून ठेवण्याचं काम हेच दार करत असतं.

शेगडी आणि सिंक यांच्या मध्ये अडकवणं

फोडणीचा तेलकट धूर ओव्हनच्या जाळीत बसतो, त्याला पीठ आणि धूळ चिकटते आणि पंख्याची वाट अरुंद होते. दारावरचं आणि बटणांवरचं प्लॅस्टिक शेगडीच्या आचेने वाकडं होतं. सिंकच्या बाजूने पाण्याचे शिंतोडे येतात. दोन्हींपासून ६० सेंटीमीटर अंतर मिळालं तर उत्तम. लहान स्वयंपाकघरात तेवढं शक्य नसेल तर सिंकच्या जवळ सरका, पण मध्ये काचेचा किंवा ग्रॅनाइटचा उभा आडोसा घ्या आणि प्लगपॉइंट सिंकच्या विरुद्ध अंगाला ठेवा. कुकरच्या शिट्टीची वाफ थेट ओव्हनवर येत नाही ना, तेही बघा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने पत्रा आधीच गंजत असतो, तिथे वाफेची भर नको. बटणांच्या पॅनेलमागे ऊब असते, म्हणून झुरळं तिथे जाऊन बसतात. ओव्हन सरकवून मागची जागा पुसता येईल असाच तो ठेवा.

चुकीचा पॉइंट

साधा मायक्रोवेव्ह ५ ते ६ अँपिअर घेतो, २,२०० वॅटचा कन्व्हेक्शन साडेनऊच्या घरात. त्याचा जाड पिनांचा प्लग १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटसाठी असतो. कन्व्हर्टर लावून तो ६ अँपिअरच्या पॉइंटमध्ये किंवा एक्स्टेन्शन बोर्डात खुपसला की सैल पट्ट्यांपाशी उष्णता तयार होते, आधी प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग काळं. असा पॉइंट दिसला तर तो लगेच वापरातून काढा.

कन्व्हेक्शन, २,००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि १,५०० वॅटची किटली एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर चालली तर बेरीज जवळपास २५ अँपिअर होते. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की लाइन तोडणारा मुख्य बोर्डातला स्विच, क्षणात पडत नाही, काही मिनिटं जातात, म्हणून दोष ओव्हनला दिला जातो. अशा वेळी जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून घेणं ही फार मोठी चूक आहे, कारण एमसीबी भिंतीतल्या वायरचं रक्षण करतो. मुख्य बोर्डापासून ओव्हनसाठी वेगळी लाइन ओढून घ्या, किमान २.५ आणि शक्य तर ४ चौरस मिलिमीटरची, तांब्याची.

पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. आतल्या फिल्टरचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) थोडा विद्युतदाब पत्र्याकडे सोडतात आणि अर्थिंग असलं की तो जमिनीत निघून जातो. जुन्या इमारतींत तीन भोकांचा पॉइंट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. ती वायर जोडली जाईपर्यंत ओव्हन वापरू नका. त्याचा मागचा पत्रा स्वतः कधीही उघडू नका. आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा झटका देऊ शकतो.

स्विच ओव्हनच्या बाजूला, पटकन हात पोहोचेल असा हवा. आत पॉपकॉर्न किंवा कागद पेटला तर दार बंदच ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करायचा असतो. तोच ओव्हनच्या मागे असेल तर पेटत्या ओव्हनमागे हात घालावा लागतो.

ठेवल्यावर तपासणी

रुंद काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी घ्या आणि पूर्ण ताकदीवर ५ मिनिटं चालवा. खडखड ऐकू आली तर चारही पाय टेकलेत का आणि थाळीचं चाक रुळावर आहे का ते बघा. घरातलं वायफाय त्या वेळी मंदावलं तर राउटर दूर न्या किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालवा, कारण मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झवर म्हणजे वायफायच्या जुन्या पट्ट्यातच चालतो. मग स्विच बंद करून प्लगला हात लावा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर वायरमनला बोलावून पॉइंट बदलून घ्या. कन्व्हेक्शन असेल तर २०० अंशांवर २० मिनिटं चालवून वरच्या कपाटाच्या तळाला हात लावून पाहा. तो चटका देण्याइतका तापला असेल तर पहिला केक करण्याआधी वरची जागा वाढवा.