मायलेज कमी वाटतंय? आधी वही काढा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. तीस वर्षं कास्टिंगचं मशीनिंग करतोय. आमच्या धंद्यात "जॉब जरा जाड वाटतोय" असं कोणी म्हणालं तर त्याला पहिलं उत्तर मिळतं, "मायक्रोमीटर लाव, किती जाड ते सांग, मग बोलू." आणि २०२१ मध्ये घरात सात सीटची महागडी डिझेल एसयूव्ही आल्यावर मी स्वतः मात्र सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभा राहून "मायलेज कमी वाटतंय" एवढंच सांगत होतो. समोरून ठरलेलं उत्तर यायचं, "सर, या गाडीला एवढंच पडतं. चालवण्यावर असतं." तीन वेळा हे ऐकून परत आलो. चौथ्या वेळी वही घेऊन गेलो, आणि त्या दिवशी गाडी लिफ्टवर चढली.

म्हणून ज्यांच्या घरी अशी मोठी गाडी आहे, किंवा जे जुनी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

पहिलं काम मायलेज मोजायचं. स्क्रीनवर दिसतो तो आकडा म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने इंजेक्टरमधून किती डिझेल सोडलं याचा केलेला हिशोब. मोजमाप पंपावरच होतं. एक पंप ठरवा आणि नेहमी त्याच बाजूला, त्याच जागी गाडी लावा, कारण टाकी मोठी असते आणि जमिनीला थोडा उतार असला तरी दोन-तीन लिटरचा फरक पडतो. नोझल पहिल्यांदा आपोआप तुटलं की थांबा. पंपावरचा पोरगा पाचशेचा राउंड फिगर करायला निघतो, त्याला नको म्हणा. ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी निम्म्याच्या बरीच खाली गेली की त्याच पंपावर, पहिल्या कटपर्यंत पुन्हा भरा. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन टाक्या मोजा आणि तिन्हींची बेरीज करून भागा.

माझ्या पहिल्या तीन टाक्या अशा होत्या: ७०२ किलोमीटरला ६३.४ लिटर, ६५५ ला ६१.२ आणि ७३१ ला ६०.८. एकूण २०८८ किलोमीटर, १८५.४ लिटर. म्हणजे लिटरला ११.२६. स्क्रीन त्याच काळात १२ च्या वर दाखवत होती. कंपनीचा आकडा याहून बराच मोठा होता, पण तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे गाडी चालवून काढलेला असतो. त्याच्याशी तुलना करून वाद घालण्यात वेळ घालवू नका. तुमच्या गाडीची तुलना तिच्या स्वतःच्या मागच्या टाक्यांशी करायची.

वहीत किलोमीटर आणि लिटरशिवाय आणखी दोन गोष्टी लिहा. टाकीतलं किती अंतर गावात गेलं आणि किती हायवेला, ही एक. आणि डीपीएफची सफाई कधी झाली, ही दुसरी. या दुसऱ्या रकान्यानेच माझं काम केलं, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले तेव्हापासून अशा डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लायनीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात काजळी साठली की गाडी ती जाळून टाकते. त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो, आणि तेवढी उष्णता आणायला इंजिन जादा डिझेल टाकतं. हे काम साधारण दहा ते वीस मिनिटं चालतं आणि गाडी सलग पळत असली तरच नीट पुरं होतं.

आता आमचा रोजचा फेरा बघा. नागाळा पार्कातून सकाळी सहाला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, म्हशीचं धारोष्ण दूध घ्यायला. मग नातीला शाळेत सोडणं. मग उद्यमनगर. प्रत्येक फेरी तीन-चार किलोमीटरची. दोन टनांच्या वरची गाडी थंड इंजिनावर निघते आणि तापायच्या आत बंद होते. काजळी साठते, गाडी सफाई सुरू करते, आपण दूध कट्ट्यावर चावी बंद करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दर वेळी जादा डिझेल जळतं ते जळतंच, शिवाय त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. सफाई वारंवार अर्धवट राहिली तर ऑइलची पातळी वाढते आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिक असेल तर महिन्यातून एकदा बघा. ऑइल कमी झालं की सगळे काळजी करतात, पण या गाड्यांत वाढलेलं ऑइलही तितकंच वाईट. खुणेच्या वर गेलं असेल तर ते बदलूनच घ्या.

सफाई चालू आहे हे बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवर सांगत नाहीत, पण कळतं. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर राहतात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं थांबतं. त्या क्षणाचं मायलेज एकदम पडतं. गाडी बंद केली तरी पुढचा पंखा जोरात फिरत राहतो आणि खालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. हे दिसलं तर गाडी बंद करू नका. आम्ही तावडे हॉटेलजवळ हायवेला लागतो आणि कागलच्या दिशेने वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत, आरपीएम दोन हजारांच्या आसपास धरून जातो. सहापदरीकरणाच्या कामामुळे मध्ये मध्ये वळणरस्ते लागतात, म्हणून मी रविवारी पहाटे जातो. आठवड्याला एवढी एक फेरी ठेवली तर डीपीएफच्या निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत. दुधाला मी आता स्कूटरवर जातो.

हे सगळं पाळलं तरी वहीत एक गोष्ट खटकत राहिली. सफाईच्या खुणा दर १४०, १६०, १५० किलोमीटरला दिसत होत्या. पुण्याला जाऊन आलो, सगळं हायवेचं चालणं, तरीही तेच. मोकळ्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत दोन सफायांमध्ये कित्येकशे किलोमीटर जायला हवेत. हे पान मी काउंटरवरच्या मुलाला न दाखवता आतल्या टेक्निशियनला दाखवायला मागितलं. त्याने ते दोनदा वाचलं, काही न बोलता गाडी आत घेतली. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो, त्याला दोन रबरी नळ्या जातात. त्यातली मागची नळी त्याने काढून माझ्यासमोर बोटाने वाकवली, तशी नखाएवढी चीर उघडली. मागचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसत होता, म्हणून दोन्हींतला फरक जास्त वाटायचा, आणि कॉम्प्युटर समजायचा की फिल्टर भरलाय. रिकामा फिल्टर तो पुन्हा पुन्हा जाळत होता. नळी बदलल्यावर पुढच्या तीन टाक्यांची सरासरी १२.४ आली. गाडी तीच, चालवणारा मीच.

बीएस-६ डिझेलमध्ये दुसरी नेहमीची तक्रार डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रवाची, ज्याला बरेच जण ॲडब्लू म्हणतात. हे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. संपत आलं की गाडी शेकडो किलोमीटर आधीपासून सांगायला लागते. दुर्लक्ष केलं आणि शून्यावर आल्यावर गाडी बंद केली की ती पुन्हा सुरूच होत नाही. हे बिघाडाचं लक्षण नाही, नियमच तसा घातलेला आहे. आंबा घाटाच्या मध्यावर अशी वेळ येऊ देऊ नका. विकत घेताना डब्यावर आयएसओ २२२४१ लिहिलंय ना ते बघा. निळ्या झाकणाच्या तोंडातच ओता. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी उचलून न्या.

टायरमधली हवा घरून निघतानाच, टायर गार असताना तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं आणि त्यात दोन आकडे असतात: एक थोड्या माणसांचा, एक भरलेल्या गाडीचा. आपण सात जण, वर गणपतीचं सामान घेऊन कोकणात उतरतो आणि हवा दोघांचीच ठेवतो. त्याने मायलेजही जातं आणि टायरही तापतो. मोठ्या रिमच्या टायरची कड पातळ असते, खड्ड्यात आपटली की कडेला फुगा येतो. फुगा दिसला की तो टायर संपला, त्यावर हायवेला जायचं नाही. अशा बऱ्याच गाड्यांत पूर्ण मापाची स्टेपनी नसते, तेव्हा डिकीत काय आहे ते आजच उघडून बघा.

वेगाबद्दल एकच हिशोब सांगतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० ऐवजी १२० ने गेलात तर विरोध ४४ टक्के जास्त, आणि एसयूव्हीचं नाक भिंतीसारखं उभं असतं. आपल्या चौपदरी हायवेला कारची मर्यादा तशीही १०० च आहे. छतावरचं कॅरियर वापरात नसेल तेव्हा काढून ठेवा. घाट उतरताना न्यूट्रल करू नका. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंद करतात, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. आणि एवढं वजन नुसत्या ब्रेकवर पेलत उतरणं धोक्याचं आहे. खालचा गिअर घ्या.

पेट्रोलची गाडी असलेल्यांनी वहीत इंधनाचाही विचार धरावा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात राहून मी इथेनॉलला नावं ठेवणार नाही, पण एवढा फरक गाडीच्या माथी मारू नका. गाडीला कोणतं मिश्रण चालतं ते मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाच्या आत बघून घ्या.

आता मायलेजबाहेरच्या तक्रारी. काचेच्या छताला कोपऱ्यांत पाणी जायला बारीक नळ्या असतात. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. जुलैत आतल्या दिव्यातून पाणी ठिबकायला लागलं. पुतण्याने माझ्याच वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरने नळीत हवा मारली. कचरा निघाला, पण आत नळी जोडातून सुटली आणि पूर्ण छताचं अस्तर उतरवावं लागलं. कॉम्प्रेसर नको, तार नको. मे महिन्यात कोपऱ्यांतला पाला हाताने काढा, कपभर पाणी हळू सोडा आणि ते खाली चाकाजवळ बाहेर पडतंय का बघा.

स्क्रीन अडकणं, सेन्सर उगाच ओरडणं, दार न उघडणं यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ बॅटरीत असतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर ठीक, १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास निम्मी. पंधरा दिवस गाडी हलणार नसेल तर डॅशकॅमची वायर काढा. बॅटरी बदलताना मूळची एजीएम (आत काचतंतूंच्या थरांत ॲसिड धरून ठेवणारी) असेल तर एजीएमच घ्या, आणि नवी बॅटरी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते का ते विचारा.

तिसऱ्या रांगेत आईला घाटात मळमळायचं. ती जागा मागच्या चाकांवर येते, तिथे हेलकावा जास्त बसतो. आई मधल्या रांगेत आली, पोरं मागे गेली, प्रश्न मिटला.

शेवटी तक्रार कशी लिहून घ्यायची ते. जॉब कार्डवर "मायलेज प्रॉब्लेम" असं लिहू देऊ नका. "तीन टाक्यांची सरासरी ११.२६, दर १५० किलोमीटरला सफाई, हायवेलाही" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि वहीच्या पानाची प्रत जोडा. आवाजाची तक्रार असेल तर वेग, रस्ता, इंजिन गार की गरम हे सांगा आणि टेक्निशियनला शेजारी बसवून चक्कर मारा. प्रत्येक जॉब कार्डची प्रत घरी ठेवा, "काही सापडलं नाही" असं लिहिलेलीसुद्धा. एकच दोष तीन-चार कार्डांवर आला की तो तुमचा पुरावा होतो. तरीही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगात आता आपण राहतो त्या जिल्ह्यातून दावा लावता येतो, गाडी बाहेरगावी घेतली असली तरी. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणून पहिल्या जॉब कार्डची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.