बडोद्याहून नेवार्क: अंतर आणि वेळ घरीच कसे काढाल

दांडिया बाजारात आमच्या आळीत मुलगी-जावई न्यू जर्सीत नाहीत असं घर शोधावं लागेल. तिकीट काढायची वेळ आली की लोक माझ्याकडे येतात, कारण मी शाळेत भूगोल शिकवला आणि पृथ्वीगोल अजून घरात आहे. "काकू, नक्की किती तास?" यावर माझा पहिला प्रश्न: विमानातले, की दारापासून दारापर्यंतचे?

आधी अंतर. भिंतीवरचा नकाशा नको, तो फसवतो. पृथ्वीगोल घ्या आणि शिवणाचा दोरा. दोरा विषुववृत्तावरून एकदा फिरवून मोजा. ती लांबी म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. माझ्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ती ९४ सेंटिमीटर भरते, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. आता दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबा (लांबचा टप्पा तिथूनच सुरू होतो) आणि न्यू जर्सीतल्या नेवार्कपर्यंत ताणा. तो अरबस्तानावरून जात नाही! अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून ग्रीनलंडच्या टोकाला लागून उतरतो. साडेएकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर. प्रत्यक्षात विमान थोडं जास्तच उडतं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केल्यावर तर वळसा आलाच.

अंतराला ८५० ने, म्हणजे विमानाच्या ताशी किलोमीटरमधल्या वेगाने भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास घाला: सव्वापंधरा तास. जाताना यात थोडी भर धरा, येताना वजाबाकी. उंचावरचे जोरकस वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते येताना पाठीशी असतात.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. सगळं भारतीय वेळेत आणा. समजा मुंबईहून रात्री १:३० ला निघून नेवार्कला त्याच तारखेला सकाळी ७:३० ला पोहोचता. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे पाच. प्रवास साडेपंधरा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात. मग मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा मोजा.

आता दारापासून दार. बडोद्याच्या हरणी विमानतळावरून मुंबईला विमान मिळतं, पण सामान दोन-दोन बॅगा असेल तर मी रेल्वेगाडीच सुचवते: दुपारी निघून संध्याकाळी बोरिवली, तिथून टॅक्सी, विमानतळावर तीन तास आधी. म्हणजे घर सोडलं दुपारी एकला. अहमदाबादहून आखाती देशात थांबून जाणार असाल तर मधला थांबा वेगळा मोजा, आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत ना ते बघा. नाहीतर बॅगा मध्येच उतरवून घ्याव्या लागू शकतात.

पलीकडे इमिग्रेशन आणि सामानाला दोन तास धरा. बेरीज तीस तास, त्यातलं विमान निम्मं. लेकीला साडेसातची वेळ कळवू नका, साडेनऊला ये म्हणा. पार्किंगचे पैसे तिलाच भरायचे असतात.