विद्यापीठातलं विज्ञान मंडळ चालवताना या चुका टाळा

पहिल्या महिन्यात लोगो ठरतो, टी-शर्टचा रंग ठरतो, चौदा पदं वाटून होतात. घटना, म्हणजे मंडळाची नियमावली, मात्र दुसऱ्या कुठल्या तरी मंडळाची उचलून, नाव बदलून, नोंदणीच्या अर्जाला जोडली जाते. ती कोणी वाचत नाही. दोन वर्षांनी घोडं नेमकं तिथेच अडतं.

एकूण सदस्यांच्या निम्मी गणपूर्ती

नमुन्यादाखल एक मंडळ घ्या. नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला टेबल मांडलं आणि २१२ जणांनी नाव-नंबर लिहून दिले. यातले बहुतेक पुन्हा कधी दिसत नाहीत. नियमित येणारे ३५, गाजलेल्या कार्यक्रमाला फार तर ६०. घटनेत लिहिलंय की सर्वसाधारण सभेची गणपूर्ती (सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरी) एकूण सदस्यांच्या निम्मी आणि घटनादुरुस्तीला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं. म्हणजे सभेला १०६ डोकी आणि दुरुस्तीला १४२ मतं.

निवडणुकीची सभा बोलावली, ४१ आले. सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात ३३. तिसऱ्या खेपेला कोणीतरी म्हणतं, जाऊ द्या हो, हात वर करा आणि उरका. उरकतात. महिन्याभराने हरलेला उमेदवार विद्यापीठाकडे अर्ज टाकतो की सभाच अवैध होती, आणि त्याचं म्हणणं अगदी बरोबर असतं. निवडच वादात, म्हणून खात्यावरच्या सह्या बदलत नाहीत. जुने सह्यावाले पदवी घेऊन निघून गेलेले. पैसे खात्यात, पण काढणार कोण? गणपूर्ती कमी करायची तर घटना बदलायला हवी, आणि घटना बदलायला लागणारी माणसंच जमत नाहीत. कुलपाची किल्ली पेटीत आणि पेटीला तेच कुलूप.

यातून सुटायचा सरळ रस्ता सदस्ययादीतून जातो. सदस्यत्व वार्षिक आहे असं घटनेत कुठेही म्हटलं असेल, तर सगळ्यांना ३० दिवसांची लेखी सूचना पाठवा, नूतनीकरण मागा आणि जे करणार नाहीत त्यांची नावं कमी करा. यादी २१२ वरून ४८ वर आली की गणपूर्ती २४ आणि दुरुस्तीला ३२ मतं. हे जमण्यासारखं आहे. तसं कलमच नसेल तर मंडळांची नोंदणी करणाऱ्या विभागाला सगळी परिस्थिती लिहून द्या आणि एकदाच दुरुस्तीची परवानगी मागा. मंडळ विसर्जित करून नवं काढायचं खूळ डोक्यातून काढून टाका. निदान शिल्लक पैसे आणि उपकरणं कुणाकडे जातील हे ठरेपर्यंत तरी.

मुळात लिहायचं असं: चालू वर्षात किमान तीन कार्यक्रमांना आलेला किंवा एखाद्या प्रकल्पावर काम केलेला तो सक्रिय सदस्य. यादी सभेच्या १४ दिवस आधी गोठवायची. गणपूर्ती सक्रिय सदस्यांच्या एक चतुर्थांश, पण दहापेक्षा कमी नाही. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट नसेल, मात्र तिथे आधी कळवलेल्या विषयांपलीकडे काही घेता येणार नाही. घटनादुरुस्ती आणि पदाधिकाऱ्याला काढणं हे दोन विषय या सवलतीतून वगळायचे. नाहीतर सहा जण मिळून रात्री साडेनऊला मंडळ ताब्यात घेतात.

दुरुस्तीच्या कलमात 'उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश' हे शब्द जसेच्या तसे ठेवा. ३० जण हजर आहेत, १८ बाजूने, ९ विरुद्ध, ३ तटस्थ, असं धरा. मतदान करणाऱ्या २७ पैकी १८ म्हणजे बरोबर दोन तृतीयांश, ठराव मंजूर. 'उपस्थितांच्या दोन तृतीयांश' लिहिलं असेल तर २० मतं हवीत, ठराव पडला. तीन माणसं नुसती गप्प बसली म्हणून. असला वाद रात्री दहा वाजता सभागृहात सोडवण्यापेक्षा आधी कागदावर सोडवलेला बरा.

पदाधिकारी गेले, पासवर्डही गेले

विद्यार्थी विद्यापीठात तीन-चार वर्षं असतो. त्यातलं पहिलं वर्ष इमारती शोधण्यात जातं आणि शेवटचं परीक्षा आणि नोकरीच्या मागे. मंडळाला एका माणसाची खरी कामाची वर्षं मिळतात दीड-दोन. असं असूनही बहुतेक मंडळं अशी चालतात, की जणू आजचा अध्यक्ष पेन्शनीत निघेपर्यंत इथेच राहणार आहे.

सगळ्यात जास्त अडचण होते ती ऑनलाइन खात्यांची. मंडळाचा मेल सचिवाच्या खाजगी पत्त्यावरून चालतो. फाइली खजिनदाराच्या विद्यापीठाच्या खात्यात असतात. पदवीनंतर विद्यापीठ ते खातं बंद करतं आणि फाइलींचा मालकच नाहीसा होतो. संकेतस्थळाचं डोमेन कुणा उत्साही पोराने स्वतःच्या कार्डावर घेतलेलं असतं आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्याच मेलवर येते. पासवर्ड वहीत लिहून दिला तरी भागत नाही. लॉगिन करताना जो सहा आकडी कोड येतो, तो गेलेल्या माणसाच्या फोनवर येतो. तो दुसऱ्या देशात झोपलेला असतो आणि कोड अर्ध्या मिनिटात बदलतो.

म्हणून खातं पदाच्या नावाने काढा, माणसाच्या नावाने नाही. हा कोड दाखवणारं, ओळख पटवण्याचं ॲप दोन फोनवर बसवा: एक सचिवाचा, एक खजिनदाराचा. खातं परत मिळवण्यासाठीचे राखीव कोड छापून पाकिटात घाला आणि मार्गदर्शक प्राध्यापकांच्या कपाटात ठेवा. ॲप दुसऱ्या फोनवर बसवायचं काम जुना फोन हातात असतानाच करायचं असतं. निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी हे सुचून उपयोग नाही.

निवडणूक वर्षाच्या अखेरीस, परीक्षेच्या तोंडावर घेणं ही याचीच सख्खी बहीण. वर्षाचा तीन चतुर्थांश भाग संपला की निवडणूक घ्या. पुढचा एक पूर्ण कार्यक्रम नव्या मंडळींनी करायचा आणि जुन्यांनी मागे उभं राहायचं, तोंड शक्यतो बंद ठेवून. सह्या बदलायचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच द्या. ठरावाची प्रत, इतिवृत्त, ओळखपत्रं, विद्यापीठाचं पत्र यांतला एक कागद कमी पडला की अर्ज परत येतो आणि तीन आठवडे सहज जातात.

हस्तांतराची वीस पानी पुस्तिका लिहू नका, ती कोणी वाचत नाही. प्रत्येक कार्यक्रमाला एक पान पुरतं: किती आधी सुरुवात केली, परवानगी कुणाकडून घेतली, खर्च किती आला, माणसं किती आली, काय बिघडलं. हे पान ४८ तासांत लिहायचं. आठवड्याने लिहिलेल्या पानावर 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' एवढंच उरतं.

पदं चौदा, कामं पाच

सहसचिव, उपखजिनदार, प्रसिद्धी प्रमुख, सहप्रसिद्धी प्रमुख... अर्जात लिहायला बरं दिसतं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, उपकरणं सांभाळणारा आणि कार्यक्रम बघणारा, एवढे पाच पुरे. बाकी प्रकल्पप्रमुख, प्रकल्प संपला की पदही संपलं.

पैशांचा हिशेब 'नंतर बसून' करणं

पावती नाही तर पैसे नाहीत, आणि पावती सात दिवसांत. हा नियम अध्यक्षालाही लागू. खर्चाला मंजुरी देणारा आणि पैसे देणारा ही दोन वेगळी माणसं हवीत. प्रवेशशुल्काची रोकड दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची. महिन्यातून एकदा बँकेचं विवरण आणि वही शेजारी ठेवून ओळ अन् ओळ जुळवा. अर्धा तास लागतो. वर्षभराचं एकदम जुळवायला बसलात तर आठवडा जातो आणि मैत्रीही.

पहिलाच प्रकल्प उपग्रहाचा

दर वर्षी कोणीतरी हे म्हणतंच. उत्साह चांगला, पण रेझिस्टर जोडता न येणाऱ्या तीस जणांना घेऊन हे होत नाही. सहा आठवड्यांत संपणारं काही घ्या. एका सेन्सरने महिनाभर तापमान आणि आर्द्रता नोंदवा, तो सेन्सर किती चुकतो ते प्रयोगशाळेतल्या तापमापकाशी ताडून बघा. यात शिकण्यासारखं इतकं आहे की दोन सत्रं पुरेल. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं, ते उपग्रहाच्या तिसऱ्या बैठकीलाही येत नाहीत.

आकाशदर्शनाची तारीख शनिवार बघून ठरवणं

आधी चंद्र बघा, मग वार. पौर्णिमेच्या आसपास अंधुक तेजोमेघ आणि दीर्घिका दिसतच नाहीत, आणि खुद्द चंद्रही सपाट दिसतो. चंद्रच दाखवायचा असेल तर शुद्ध अष्टमीच्या आगेमागे, जेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. आठ इंची परावर्तक (आरशाची) दुर्बीण किमान अर्धा ते पाऊण तास आधी बाहेर ठेवा, आरसा हवेच्या तापमानाला येईपर्यंत प्रतिमा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखी हलते. साठ माणसं आणि एक दुर्बीण म्हणजे माणशी एक मिनिट धरलं तरी शेवटच्याला तासभर रांग. वीस माणसांमागे एक दुर्बीण हवी.

सूर्य दाखवणार असाल तर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच, आणि वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट. जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायचा जो छोटा काळा फिल्टर येतो, तो फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि पाहणाऱ्याला डोळा मिटायलाही वेळ मिळत नाही. फाइंडरला, म्हणजे नेम धरायला वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला, झाकण घालायला विसरू नका. लहान मुलं नेमकी तिथूनच डोकावतात.

टाळ्या मिळवणारे प्रयोग

द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो आणि त्याचा एक लिटर जवळपास ७०० लिटर वायू होतो. त्यामुळे तो बंद झाकणाच्या बाटलीत कधीच नाही, काचा लावलेल्या गाडीत माणसांबरोबर नाही आणि खिडक्या नसलेल्या खोलीतही नाही. शेवटच्या दोन ठिकाणी धोका स्फोटाचा नसतो, ऑक्सिजन कमी होण्याचा असतो, आणि तो कुणाला जाणवत नाही.

रंगीत ज्वाळांसाठी मेथॅनॉल ओतण्याचा प्रयोग करूच नका. ज्योत मंद झाली म्हणून कोणीतरी बाटलीतून आणखी ओततं, ज्योत वाफेवरून बाटलीत शिरते आणि पेटलेलं द्रव समोरच्या रांगेवर उडतं. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये अशाच अपघातांवरून इशारा दिला होता. तेच रंग क्षारांच्या द्रावणात भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरच्या ज्योतीत धरूनही दिसतात. 'पण तेवढा इफेक्ट येत नाही' असं म्हणणाऱ्याच्या हातात प्रयोग देऊ नये. प्रत्येक प्रात्यक्षिकाला एक माणूस असा हवा, जो प्रयोग करत नाही, फोटो काढत नाही, फक्त अग्निशामकाजवळ उभा राहतो आणि 'थांबा' म्हणू शकतो.

मार्गदर्शक प्राध्यापकांना फक्त सहीपुरतं गाठणं

सही हवी त्या सकाळी जाऊ नका. महिन्यातून दहा मिनिटं जा, काही काम नसतानाही.

तीनशेच्या सभागृहात चाळीस श्रोते

अपेक्षित संख्येच्या निम्म्या खुर्च्यांची खोली घ्या. उभे राहिलेले लोक चालतात, रिकाम्या रांगा वक्त्याला खातात.

उपकरणं 'कुणाकडे तरी आहेत'

डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) ठेवा, प्रत्येक वस्तूवर पुसला न जाणारा क्रमांक टाका, नेणाऱ्याची सही आणि परतीची तारीख घ्या. वर्षातून दोनदा प्रत्यक्ष मोजणी करा आणि दुसरी मोजणी निवडणुकीआधी उरका, म्हणजे हरवलेलं नव्यांच्या गळ्यात पडत नाही. लिथियम पॉलिमर बॅटऱ्या सुट्टीत पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकाम्या करून ठेवू नका, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी 'अजून चालते' म्हणून डब्यात परत जाऊ देऊ नका. तिची नोंद रजिस्टरमधून लाल शाईने काढा आणि ती त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या.